रान कोणाचे, खाते कोणाचे

सप्टेंबर १८७५ मध्ये वारणेच्या खोऱ्यातल्या कोकरूड गावी लोकांनी सावकाराच्या घरावर चाल केली. त्या वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला पेटलेले दख्खनचे दंगे नगर जिल्ह्यापर्यंत पसरले होते. सातारा जिल्हा बराचसा शांत राहिला. जे झाले ते जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाला, आज सांगलीच्या शिराळा तालुक्यात मोडणाऱ्या कोकरूडला. या दंग्यांची एक खूण तेव्हाच्या चौकशी आयोगानेही टिपून ठेवली. जमावाचा डोळा पैशाअडक्यापेक्षा कागदांवर होता. रोखे, गहाणखते, हुकूमनामे हाती पडले की दंगा बहुतेक ठिकाणी ओसरत असे. अक्षरओळख नसलेल्या कुणब्याला आपले बुडणे नेमके कोठे लिहून ठेवले आहे हे पक्के ठाऊक होते.

आपले तरणेही कागदावरूनच ठरणार आहे, हे मात्र त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत सरकारी पैसा अनेक वाटांनी आला. तगाई, सोसायटीचे पीककर्ज, अनुदान, कर्जमाफी, पूरभरपाई आणि आता दर चार महिन्यांनी खात्यावर पडणारे दोन हजार रुपये. रकमा बदलल्या, अटी बदलल्या, योजनांना थोरांची नावे लागली. दार मात्र तेच राहिले. मदत कसणाऱ्याच्या घरी येत नाही, ती खात्यावर येते. ‘बडे बागायतदार सगळे ओरपतात’ हे याचे नेहमीचे स्पष्टीकरण. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. उरलेले अर्धे जास्त अवघड आहे: कसणारा माणूस कागदावरून पुसला गेला, त्याला त्याच्याच भल्यासाठी केलेला कायदाही कारण झाला.

१८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि रयतवारीची मोजणी आली. प्रत्येक सर्व्हे नंबराला एक खातेदार आणि त्याच्यावर एक आकार. सरकारला सारा कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी ही नोंद होती; कोणाला काही द्यायचे आहे म्हणून ती जन्मलेली नव्हती. दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. न्यायाधीशाने रोख्यावरच्या आकड्याआड जाऊन मूळ व्यवहार तपासावा, अशी त्यात सोय होती. कायदा चांगला होता, आणि सावकारही हुशार होता. गहाणखताऐवजी त्याने खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली. मग १८८३ चा जमीन सुधारणा कर्जाचा आणि १८८४ चा शेतकऱ्यांना कर्ज देण्याचा असे दोन कायदे आले आणि जुन्या तगाईला नवी कलमे मिळाली. विहिरीसाठी, बैलासाठी, बियाण्यासाठी सरकार पैसे देऊ लागले, पण तारण जमिनीचे, आणि वसुली सारा थकल्यावर करतात त्याच कडक रीतीने. ज्याच्याकडे तारण द्यायला जमीन होती त्याला सरकार मिळाले. ज्याच्याकडे नव्हती त्याच्यासाठी सावकार होताच.

याच १८८३ साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. असूडात सरकारी खात्यांतल्या ज्या मधल्या लेखणीवर त्यांनी कोरडे ओढले आहेत, तिच्यामुळेच साहेबाचा चांगला हेतू शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पुढे १३६ वर्षांनी महाराष्ट्र सरकारने एका कर्जमुक्ती योजनेला त्यांचे नाव दिले. त्या योजनेचा लाभ घ्यायला आधी थकीत कर्जखाते लागे.

विसाव्या शतकाने लेखणी सावकाराकडून सोसायटीकडे दिली. १९०३ चा हक्कनोंदीचा कायदा आणि १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा एका वर्षाच्या अंतराने आले. पत देण्यासाठी हक्काची नोंद लागते, हे त्या वेळच्या कारभाऱ्यांना उमगले होते. १९५१–५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने दाखवले की देशातल्या शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम तीन टक्के आहे. मग सरकारने सहकारात भांडवल घातले. कृष्णाकाठी त्याचे जे पीक आले ते सर्वांना माहीत आहे: सांगलीचा वसंतदादांचा कारखाना, रेठऱ्याचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, भुईंजचा किसन वीर. ऊस असेल तर कारखान्याची हमी, हमी असेल तर सोसायटीचे कर्ज, कर्ज असेल तर खत, आणि खत असेल तर पुन्हा ऊस. हे चक्र माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांच्या शिवेवर येऊन थांबले, कारण तिथे पाणीच नव्हते. पीककर्ज पिकाच्या एकरी दराने मिळते. उसाचा दर वेगळा, बाजरीचा वेगळा. त्यामुळे सवलतीच्या व्याजाचा पैसा आधीच जिथे पाणी होते तिथे जास्त वाहिला. यात कोणाचे कारस्थान शोधायला नको. पाण्याच्या पाठोपाठ पत जाते आणि पतीच्या पाठोपाठ अनुदान, एवढे सरळ आहे.

गुंता त्यापुढे आहे. १९४८ चा मुंबई कूळकायदा आणि त्यातल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ ला आलेला कृषकदिन ही स्वतंत्र भारतातल्या जमीनसुधारणांतली मोठी घटना. त्या दिवशी कूळ कायद्याने मालक मानले गेले. द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेव्हा यशवंतराव चव्हाण होते. देवराष्ट्रे हे त्यांचे जन्मगाव आज सांगली जिल्ह्यात आहे. असंख्य कुळांच्या घरी या कायद्याने जमीन आली, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच १९५७ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि ग. ज. खुदनपूर यांनी कायद्याच्या अंमलाची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांना आढळले की कुळांनी ‘राजीखुशीने’ जमिनी सोडल्याच्या नोंदी जागोजाग आहेत. ही खुशी कसली होती, हे गावात कोणाला विचारायची गरज नव्हती. आणि जे मालक सावध होते त्यांनी त्या दिवसापासून एक धडा घेतला, तो आजवर विसरलेले नाहीत: रान वाट्याने द्यावे, खंडाने द्यावे, पण कागदावर कोणाचे नाव चढू देऊ नये.

म्हणून गाव नमुना बारा पाहावा. पीकपाहणीच्या या नमुन्यात ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ असा रकाना होता, शेजारी कसण्याची ‘रीत’. कायद्याची इच्छा अशी की कसणारा कोण ते दरसाल तिथे उतरावे. मालकांनी आणि तलाठ्यांनी मिळून त्यात वर्षानुवर्षे उतरवले ते ‘खुद्द’. मालक परळला गिरणीत असो वा मस्जिद बंदरला माथाडी असो, रान खुद्दच. वाटेकरीही बोलत नसे; बोलला तर पुढच्या हंगामाला रान दुसऱ्याकडे जाई. ज्या कायद्याने एका पिढीच्या कुळाला मालक केले, त्याच्याच धास्तीने पुढच्या पिढ्यांचा वाटेकरी अदृश्य झाला. पुढे सरकारने जे जे ‘शेतकऱ्या’ला द्यायचे ठरवले ते या रकान्यातून वजा होऊनच पोहोचले.

दुसरी वाट नव्हतीच, असे म्हणता येत नाही, कारण ती याच सांगली जिल्ह्यात पाडली गेली होती. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती होते. काम मागेल त्याला सरकारने काम द्यावे, ही त्यांची कल्पना १९६५ साली विसापुरात प्रथम करून पाहिली गेली. १९७२ च्या दुष्काळात तिने राज्यभर जोर धरला. १९७५ साली व्यवसाय कर आला आणि शहरातल्या पगारदाराच्या पैशावर गावातले हजेरीपत्रक चालू लागले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शेतीच्या आणि खेड्याच्या मदतीत सातबारा न मागणारी अशी ही मोठी योजना. खडी फोडायला येणाऱ्या बाईला कोणी आठ-अ विचारला नाही. ती आली, राबली, एवढा पुरावा पुरे होता. कामावर बायांची संख्या मोठी असे, याचे कारण हेच. शेतात राबणाऱ्या बाईचे नाव खात्यावर नसले तरी हजेरीपत्रकावर लागू शकत होते.

हजेरीपत्रकांत खोटी नावे घुसली, मुकादमांचे आणि अभियंत्यांचे हात ओले झाले, रस्ते पुढच्या पावसात वाहून गेले. हे सगळे झाले आणि ते लपवून पागे मोठे होणार नाहीत. पण त्या योजनेचे पुढे काय झाले ते जास्त बोलके आहे. १९९० पासून फळबाग लागवड रोजगार हमीला जोडण्यात आली. खातेदाराने आपल्या रानात डाळिंब, बोर, आंबा लावावा; खड्डे काढण्याची मजुरी आणि रोपांचा खर्च सरकार देईल. आटपाडी-सांगोल्याच्या माळावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, त्यात या योजनेचा वाटा आहे आणि तो वाया गेलेला पैसा मुळीच नव्हे. कोरडवाहू भागात सरकारी अनुदानाने इतके दिसणारे फळ क्वचितच धरले आहे. तरीही हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर बिनजमिनीच्या हाताचा निधी खातेदाराच्या बांधाआड गेला. मजुराला मजुरी मिळाली, झाड खातेदाराला. पागे यांनी उघडलेले दार बंद झाले नाही, पण त्यातून जायची वाट पुन्हा सातबाऱ्यावरून वळवली गेली.

नंतरची कर्जमाफ्यांची वर्षे भराभर सांगता येतील. २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी जाहीर केलेली केंद्राची माफी पाच एकरांपर्यंतच्या थकबाकीदाराला पुरी, त्यावरच्याला उरलेले ७५ टक्के भरले तर २५ टक्क्यांची सूट. कागदावर हा गरिबाचा पक्ष. प्रत्यक्षात जतच्या उमदी भागात दहा एकर माळ असलेला माणूस ‘मोठा’ ठरला आणि वाळव्यात चार एकर ऊस असलेला ‘लहान’. राज्याने मग पाच एकरांवरच्यांना २० हजार रुपयांपर्यंतची पुरवणी दिली. २०१७ साली पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि दीड लाखापर्यंतची छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची योजना आली. डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची महात्मा फुले यांच्या नावाची. थकबाकी दोन लाखांच्या वर गेली की माणूस योजनेबाहेर. तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागेचे कर्ज ती मर्यादा सहज ओलांडते. साताऱ्याची तक्रार वेगळीच. तिथल्या जिल्हा बँकेचा आणि सोसायट्यांचा वसुलीत लौकिक; वेळेवर फेडणाऱ्याला माफीतून काय मिळणार? नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंतचे प्रोत्साहन कबूल झाले, त्याचे पैसे २०२२ उजाडल्यावर पडू लागले. माफ्यांवरच्या या सगळ्या भांडणांत एक बाजू थकबाकीदाराची, दुसरी फेडणाऱ्याची. सोसायटीचा सभासदच नसलेल्या तिसऱ्या माणसाची बाजू मांडायला कोणी नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने पलूस, वाळवा, मिरज बुडाले, तेव्हाही हेच: कर्जदाराला एक हेक्टरपर्यंतच्या पिकाचे कर्ज माफ, बिगरकर्जदाराला नेहमीच्या तिप्पट भरपाई. ऊस खंडाने करणाऱ्याचा गाळात गेलेला खर्च यातल्या कुठल्याही वर्गात बसत नव्हता.

पीएम किसान योजनेला या इतिहासात श्रेय द्यायला हवे. २४ फेब्रुवारी २०१९ ला गोरखपूरमध्ये तिचा आरंभ झाला. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत, थेट खात्यावर. आधी दोन हेक्टरांची अट होती, काही महिन्यांतच ती उठली. इथे ऊस आणि बाजरी सारखेच, कर्जदार आणि बिनकर्जाचा सारखाच. माणच्या खातेदाराला कराडच्या खातेदाराइतकीच रक्कम मिळण्याचा प्रसंग सरकारी मदतीत क्वचित आला असेल. २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी ६,००० जोडले आणि पहिला हप्ता त्याच ऑक्टोबरात शिर्डीतून सुटला. पण पात्रतेची रेघ पुन्हा नोंदीवरच: १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन नावावर हवी, त्यानंतरचा फेरफार वारसाचा असेल तरच चालेल. आता विट्याच्या आसपासचे गाव डोळ्यापुढे आणावे. खानापूर-आटपाडीच्या गलाई कारागिरांनी सोने-चांदी गाळण्याचा धंदा देशभर नेला आहे. कोणाचे दुकान तमिळनाडूत, कोणाचे पंजाबात. गावची चार एकरे भावकीतला किंवा शेजारचा कोणी वाट्याने करतो. प्राप्तिकर भरत नसेल तर हप्ता दुकानदाराच्या मोबाइलवर वाजतो, आणि जो पेरतो, खुरपतो, विहिरीवरची मोटर बिघडली तर रात्री उठतो, त्याच्या मोबाइलवर नाही. घरधनिणीचेही तसेच. २०१५–१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांपैकी सुमारे १४ टक्के बाया होत्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली ती याच रकान्यासाठी. बायकोच्या नावे थोडी तरी जमीन करा, एवढेच मागणे होते.

याला पहिला आक्षेप व्यवहाराचा. नोंद नसेल तर सरकारने ओळखायचे कोणाला? उद्या प्रत्येक जण स्वतःला वाटेकरी म्हणवील. शंका खरी आहे. रोजगार हमीच्या हजेरीपत्रकांनी ती खरी ठरवून दाखवली. पण नोंदीनेही ती मिटलेली नाही. जुलै २०२१ मध्ये कृषिमंत्र्यांनी संसदेत सांगितले की पीएम किसानचे पैसे ४२ लाखांहून अधिक अपात्रांना गेले आणि सुमारे २,९९० कोटी रुपये वसूल करायचे आहेत. २००८ च्या माफीची नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी तपासणी केली, त्यात नमुन्यातल्या साडेआठ टक्के लाभार्थी अपात्र निघाले. ज्यांना लाभ मिळाला नव्हता अशा तपासलेल्या खात्यांपैकी तेरा टक्क्यांहून अधिक पात्र होती. कागद असूनही चुकते, मग कागद नाही म्हणून वगळण्याचा युक्तिवाद तेवढा भक्कम उरत नाही.

दुसरा आक्षेप: रान मालकाचे, जोखीम मालकाची, मग मदतही त्याची. निम्म्या वाट्यात तो निम्मा खरा आहे. खंडात मुळीच नाही. तिथे ठरलेला पैसा मालकाने आधी मोजून घेतलेला असतो आणि गारपीट, टोमॅटोचा पडता भाव, करपलेली ज्वारी, सगळे कसणाऱ्याच्या वाट्याला. कोणी असेही म्हणेल की ६,००० रुपयांसाठी एवढा खल कशाला. खल त्या रकमेचा नाही. पीककर्ज, व्याजसवलत, पीकविमा, ठिबकचे अनुदान, पंचनाम्याची भरपाई, सगळ्यांना तोच उतारा लागतो. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या विजेच्या बिलातले ८१ टक्के सरकार सोसते. ते पाणीही लाभक्षेत्रातल्या खातेदाराच्या नावे मोजले जाते.

तिसरा आक्षेप मालकाच्या भीतीचा, आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. नाव लागले की जमीन गेली, ही १९५७ ची आठवण खोटी नव्हे. लहान मालकालाही ती छळते. मुंबईला गेलेला माथाडी काही जमीनदार नव्हे, ती दोन एकरे त्याच्या म्हातारपणाची सोय आहे. पण ही भीती कायद्याने घातलेली आहे, तेव्हा कायद्यानेच काढता येते. नीती आयोगाने २०१६ साली जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा तयार केला, त्याचा गाभाच हा की करार लिहावा आणि त्यातून मालकीवर कसलाही हक्क उपजू नये. आंध्र प्रदेशाने २०१९ साली पीक कसणाऱ्यांच्या हक्काचा कायदा करून अकरा महिन्यांच्या कराराची सोय केली. तिथल्या रयतू भरोसा योजनेत मागास, दलित, आदिवासी आणि अल्पसंख्य खंडकऱ्यांना जागा मिळाली. ओडिशाच्या कालिया योजनेने भूमिहीनालाही मोजले. तेलंगणाच्या रयतू बंधूने मात्र एकरी हिशेबाने मालकालाच दिले. जास्त एकर, जास्त रक्कम. तिन्ही राज्यांपुढे प्रश्न एकच होता आणि उत्तरे वेगवेगळी निघाली, म्हणजे सातबाऱ्याशिवाय गत्यंतर नाही हे म्हणणे निसर्गनियमासारखे घेण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राने अलीकडे नोंदीची वाट आणखी रुंद केली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. तलाठ्याची वाट न पाहता शेतकऱ्याने बांधावर उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. एप्रिल २०२५ पासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागू लागला, तोही जमिनीच्या नोंदीला जोडलेला. बांधापर्यंत पोहोचणारे असे साधन या दोन जिल्ह्यांना पूर्वी कधी मिळाले नव्हते. बांधावर बहुतेक वेळा वाटेकरीच उभा असतो. कधी कधी मालकाच्या वतीने फोटोही तोच काढतो. अ‍ॅप उघडले की मात्र पहिल्यांदा गावाच्या यादीतून खातेदाराचे नाव निवडावे लागते. तो मालकाचे नाव निवडतो.